गटिंगेनची खिडकी

सुमारे वीस वर्षांपूर्वी अप्पा बळवंत चौकातल्या एका जुन्या पुस्तकांच्या दुकानात पतंजलीच्या 'व्याकरणमहाभाष्या'चा एक सुटा खंड माझ्या हाती लागला. संपादक एफ. कीलहॉर्न, तिसऱ्या आवृत्तीचे संस्कारक का. वा. अभ्यंकर, प्रकाशक भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिर. माझे शिक्षण वाणिज्य शाखेचे, नोकरी हिशेबनिसाची आणि संस्कृत शाळेतले, तेही विसरत चाललेले. पुस्तकातले मला फारसे कळले नाही. पण प्रत्येक पानाच्या तळाशी बारीक टाइपात दिलेले पाठभेद मात्र मला ओळखीचे वाटले. कुठल्या पोथीत कोणता शब्द आहे, कुठे अक्षर गळले आहे, कुठे वाढले आहे, याची ती नोंद होती. खतावणीतला एक आकडा जुळेना म्हणजे आपण मागच्या सगळ्या वह्या काढून बसतो, तसाच हा प्रकार. कोणा परक्या माणसाने आपल्या व्याकरणाचा असा पै-पैचा हिशेब मांडला आहे, हे पाहून त्या माणसाचा माग काढायचे मी ठरवले. तो माग मला जर्मनीतल्या गटिंगेन या गावी घेऊन गेला. प्रत्यक्ष मी तिथे आजवर गेलेलो नाही. जे काही जाणे झाले ते पुस्तकांतून.

माग काढताना एक अडचण सारखी आडवी येई. एका मोठ्या ग्रंथालयात मी जुनी नियतकालिके पाहायला मागितली, तेव्हा खिडकीपलीकडच्या गृहस्थांनी विचारले, "आपण कोणत्या विद्यापीठाचे? मार्गदर्शकांचे पत्र आणले आहे का?" माझा मार्गदर्शक नव्हता आणि विद्यापीठही नव्हते. गृहस्थ उद्धट मुळीच नव्हते, नियम सांगत होते. मी परत आलो. पण प्रश्न मनात राहिला. ज्ञानाच्या दाराशी अधिकाराचे पत्र मागण्याची ही रीत कोठून आली, आणि ती कशासाठी आहे? गटिंगेनचा इतिहास मी वाचला तो हा प्रश्न उशाशी ठेवून.

ग्रंथालयाभोवती उभे राहिलेले विद्यापीठ

युरोपातल्या विद्यापीठांच्या हिशेबाने गटिंगेन तसे उशिरा जन्मलेले. हायडेलबर्गचे विद्यापीठ १३८६ चे, लाइपझिगचे १४०९ चे. गटिंगेनमध्ये पहिली व्याख्याने १७३४ मध्ये झाली आणि विद्यापीठाचे रीतसर उद्घाटन १७३७ च्या सप्टेंबरात. इंग्लंडचा राजा दुसरा जॉर्ज हाच जर्मनीतल्या हानोफर राज्याचाही अधिपती होता. त्याच्या नावावरून विद्यापीठाला 'गेओर्गिया ऑगस्टा' म्हणू लागले. मात्र विद्यापीठाला आकार दिला तो हानोफरचे मंत्री गेरलाख आडोल्फ फोन म्युंखहाउझेन यांनी.

म्युंखहाउझेन यांनी दोन गोष्टी जाणीवपूर्वक केल्या. पहिली अशी की, धर्मशास्त्र शाखेकडे इतर शाखांवर पहारा ठेवण्याचा जो अधिकार जुन्या विद्यापीठांत असे, तो त्यांनी येथे दिला नाही. एखाद्या इतिहासकाराचे किंवा वैद्याचे मत धर्ममताला सोडून आहे, एवढ्यावरून त्याचे तोंड बंद करण्याची सोय उरली नाही. दुसरी गोष्ट ग्रंथालयाची. ब्यूलो घराण्याच्या सुमारे ९,००० ग्रंथांच्या देणगीने ग्रंथालय सुरू झाले. पुढे क्रिस्तियान गोटलोब हाइने यांनी १७६३ पासून जवळजवळ पन्नास वर्षे ते सांभाळले आणि ग्रंथसंख्या दोन लाखांच्या घरात नेली. संख्येपेक्षा पद्धत महत्त्वाची होती. ग्रंथ शोभेसाठी साखळीने बांधून ठेवायचे नाहीत, नवे ग्रंथ सर्व देशांतून नियमाने मागवायचे, त्यांची व्यवस्थित सूची ठेवायची आणि विद्यार्थ्यांनाही ते घरी न्यायला द्यायचे. त्या काळी ही उदारता दुर्मीळ होती.

ग्रंथालयाला जोडून ग्रंथपरीक्षणाचे नियतकालिक आले. १७३९ मध्ये सुरू झालेले ते 'गटिंगिशे गेलेर्टे आनत्साइगेन' आजही निघते. १७५१ मध्ये विज्ञान अकादमी स्थापन झाली. वैद्य आणि कवी आल्ब्रेख्त फोन हालर हे तिचे पहिले अध्यक्ष. त्याही आधी, १७३८ मध्ये, योहान मात्थियास गेस्नर यांनी भाषाशास्त्राचे 'सेमिनार' सुरू केले. आज हा शब्द आपल्याकडे चहा-समोशांच्या कार्यक्रमाला वापरतात. मूळ अर्थ वेगळा होता. मोजके विद्यार्थी, समोर एक ग्रंथ, विद्यार्थ्याने एका उताऱ्यावर निबंध लिहून आणायचा, दुसऱ्याने त्यातल्या चुका काढायच्या आणि गुरूने शेवटी बोलायचे. आपल्याकडच्या वादसभेशी त्याचे नाते अधिक जवळचे आहे.

फुकट शिकवण्याचा परवाना

जर्मन विद्यापीठातले पद-प्रकरण समजून घेतल्याशिवाय पुढचे कळणार नाही. एकोणिसाव्या शतकात ते असे होते. विद्यार्थी प्रबंध लिहून डॉक्टर होई. पण डॉक्टर झाला म्हणून त्याला शिकवता येत नसे. त्यासाठी दुसरा, अधिक मोठा प्रबंध आणि प्राध्यापकांसमोर परीक्षेचे व्याख्यान द्यावे लागे. याला 'हाबिलिटात्सियोन' म्हणतात. ते पार पडले की शिकवण्याचा अधिकार मिळे, पगार नव्हे! अशा अध्यापकाला 'प्रिवाटडोत्सेंट' म्हणत. त्याच्या वर्गाला जे विद्यार्थी येत, त्यांची फी हीच त्याची कमाई. त्याच्या वर 'असाधारण' प्राध्यापक आणि सर्वांच्या वर, सर्व हक्कांसह, 'ऑर्डिनारियुस', म्हणजे पूर्ण प्राध्यापक. पायरी चढणे शाखेतल्या पूर्ण प्राध्यापकांच्या आणि सरकारच्या मर्जीवर असे.

या पद्धतीतून काय निघू शकते याचे उदाहरण म्हणजे बेर्नहार्ड रीमान. त्यांनी परीक्षेच्या व्याख्यानासाठी तीन विषय सुचवले होते. रीत अशी की बहुधा पहिलाच निवडला जाई. परीक्षक होते कार्ल फ्रीडरिख गाउस, १८०७ पासून गटिंगेनच्या वेधशाळेचे प्रमुख आणि त्या काळचे सर्वश्रेष्ठ गणिती. त्यांनी तिसरा निवडला. रीमान यांची त्यावर पुरेशी तयारी नव्हती. १० जून १८५४ रोजी त्यांनी भूमितीच्या पायाभूत गृहीतकांवर ते व्याख्यान दिले. साठेक वर्षांनी आइनश्टाइन यांना सापेक्षतेच्या व्यापक सिद्धान्तासाठी जी वक्र अवकाशाची भूमिती लागली, तिचे बीज त्या व्याख्यानात आहे. एका बिनपगारी नोकरीसाठीची ती तोंडी परीक्षा होती.

याच पद्धतीची दुसरी बाजूही आहे. थेओडोर बेनफाय हे गटिंगेनजवळच्या एका ज्यू कुटुंबात जन्मले. १८३४ मध्ये ते प्रिवाटडोत्सेंट झाले आणि चौदा वर्षे त्याच पायरीवर राहिले. १८४८ मध्ये त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला, त्यानंतर ते असाधारण प्राध्यापक झाले. पूर्ण प्राध्यापक व्हायला १८६२ उजाडले. दरम्यान १८५९ मध्ये त्यांचे 'पंचतंत्रा'चे जर्मन भाषांतर आले. भारतातल्या कथा पेहलवी, अरबी, हिब्रू, लॅटिन अशी मजल दरमजल करीत युरोपात कशा पोचल्या, हे त्यांनी प्रस्तावनेत उलगडले. आपल्या विष्णुशर्म्याच्या कोल्ह्या-माकडांना सरहद्दी अडवू शकल्या नाहीत, पण त्यांचा अभ्यास करणारा मात्र पायरीवर थांबला होता. त्याच १८५९ साली मोरित्स श्टेर्न हे गणिती धर्म न बदलता गटिंगेनमध्ये पूर्ण प्राध्यापक झाले. असा मान मिळालेले ते जर्मनीतले पहिले ज्यू. त्यांनी तीस वर्षे वाट पाहिली होती.

सात जण

विद्यापीठाच्या शताब्दीचा सोहळा १८३७ च्या सप्टेंबरात थाटात झाला. दोनच महिन्यांत विद्यापीठाची परीक्षा झाली. हानोफरच्या गादीवर नुकताच आलेला राजा एर्न्स्ट ऑगस्ट याने १ नोव्हेंबरला राज्याची घटना रद्द केली. सर्व प्राध्यापक सरकारी नोकर होते आणि त्यांनी त्या घटनेची शपथ घेतली होती. १८ नोव्हेंबरच्या पत्रात सात प्राध्यापकांनी कळवले की ती शपथ आम्ही अजून बंधनकारक मानतो. डालमान, आल्ब्रेख्त, गेर्व्हिनुस, एवाल्ड, वेबर आणि ग्रिम बंधू, याकोब व विल्हेल्म, ही ती सात नावे. विद्यार्थ्यांनी पत्राच्या नकला करून त्या जर्मनीभर पसरवल्या. डिसेंबरात सातही जण बडतर्फ झाले आणि डालमान, गेर्व्हिनुस व याकोब ग्रिम यांना तीन दिवसांत राज्याबाहेर जाण्याचा हुकूम झाला.

एवाल्ड हे पौर्वात्य भाषांचे प्राध्यापक आणि गाउस यांचे जावई. विल्हेल्म वेबर हे गाउस यांचे सहकारी. दोघांनी १८३३ मध्ये गावावरून तारा ओढून विद्युत तारायंत्र चालवून दाखवले होते. एकाच वेळी जावई आणि सहकारी दोघेही गेले, तरी गाउस गप्प राहिले आणि आपल्या वेधशाळेत काम करीत राहिले. त्यांना दोष देणे सोपे आहे. मला ते जमत नाही. नोकरी, घर आणि अर्धवट राहिलेले काम यांचे वजन हिशेबनिसाला कळते. पण त्या दिवशी विद्यापीठाची अब्रू त्या सात सह्यांनी राखली, हेही तितकेच खरे. बेकार झालेल्या ग्रिम बंधूंनी १८३८ मध्ये जर्मन भाषेचा महाकोश हाती घेतला. तो पुरा व्हायला १९६१ साल उजाडले.

पुणे आणि गटिंगेन

बेनफाय १८८१ मध्ये वारले. त्यांच्या जागी १८८२ मध्ये आले ते फ्रान्झ कीलहॉर्न, थेट पुण्याहून. १८६६ ते १८८१ अशी पंधरा वर्षे ते डेक्कन कॉलेजात संस्कृतचे प्राध्यापक होते. पुण्यात त्यांनी शास्त्र्यांपुढे बसून व्याकरण वाचले, नागोजीभट्टांचा 'परिभाषेन्दुशेखर' भाषांतरासह संपादिला आणि गेओर्ग ब्यूलर यांच्यासह मुंबई संस्कृत ग्रंथमाला सुरू केली. महाभाष्याचा पहिला खंड पूर्ण झाला १८८० मध्ये, ते पुण्यात असताना, आणि तिसरा १८८५ मध्ये, ते गटिंगेनला पोचल्यानंतर. एक ग्रंथ दोन गावांत पूर्ण झाला. त्याची घडण तशीच आहे. ग्रंथ समजून घेण्याची परंपरा पुण्याच्या पाठशाळांतली, आणि पोथ्या ताडून पाहण्याची शिस्त जर्मन भाषाशास्त्राची.

ही शिस्त थोडक्यात सांगतो. एकाच ग्रंथाच्या वीस पोथ्या असल्या तर बहुमताने पाठ ठरवायचा नाही. वीसांपैकी पंधरा पोथ्या एकाच चुकीच्या पोथीवरून उतरवलेल्या असू शकतात. म्हणून आधी समान चुका शोधायच्या. ज्या पोथ्यांत तीच चूक आहे त्या एका कुळातल्या. अशी पोथ्यांची वंशावळ लावली की कोणत्या पोथीच्या साक्षीला किती वजन द्यायचे ते ठरते. ज्यांच्या नावाने ही पद्धत ओळखली जाते ते कार्ल लाखमानही गटिंगेनचेच विद्यार्थी.

कीलहॉर्न गेल्यावर डेक्कन कॉलेजातले त्यांचे पद रामकृष्ण गोपाळ भांडारकरांकडे आले. भांडारकर मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजात शिकलेले आणि पाणिनीय व्याकरण शास्त्र्यांकडून व स्वतःच्या कष्टाने आत्मसात केलेले. पतंजलीच्या काळाविषयी बर्लिनच्या आल्ब्रेख्त वेबर यांच्याशी त्यांनी 'इंडियन ॲंटिक्वेरी'तून बरोबरीच्या नात्याने वाद घातला होता. १८८५ मध्ये गटिंगेन विद्यापीठाने त्यांना सन्माननीय पीएच.डी. दिली. तेव्हा भांडारकरांनी गटिंगेनच्या एकाही वर्गात पाऊल टाकलेले नव्हते. पत्र नसलेल्या माणसाचे काम पाहून विद्यापीठाने स्वतःच पत्र पाठवले, असा त्या पदवीचा अर्थ मी माझ्यापुरता लावतो.

धागा इथे संपत नाही. गटिंगेनला कीलहॉर्न यांच्या हाताखाली हाइनरिख ल्यूडर्स तयार झाले, पुढे बर्लिनला गेले. बर्लिनमध्ये ल्यूडर्स यांच्याकडे शिकले विष्णु सीताराम सुकथनकर. आणि १९१७ मध्ये पुण्यात भांडारकरांच्या नावाने स्थापन झालेल्या संस्थेत, १९२५ पासून, सुकथनकरांनीच महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे प्रमुख संपादकपद सांभाळले. पुण्याहून गेलेला धागा दोन पिढ्यांनी पुण्यात परतला. आदिपर्व आणि त्याची प्रसिद्ध प्रस्तावना १९३३ मध्ये पूर्ण झाली. ते साल वाचकांनी लक्षात ठेवावे.

खिडकीतून पाहिलेला समारंभ

आता थोडे मागे जाऊ. १७८७ मध्ये विद्यापीठाच्या पन्नासाव्या वाढदिवशी डोरोथेआ श्ल्योत्सर या सतरा वर्षांच्या मुलीला तत्त्वज्ञान शाखेने डॉक्टर पदवी दिली. तिचे वडील तिथेच इतिहासाचे प्राध्यापक. गणित, भाषा, खनिजविद्या अशी तिची परीक्षा झाली. पण अविवाहित मुलीने समारंभात येणे रीतीला धरून नव्हते. समारंभ चर्चमध्ये होता. शेजारच्या ग्रंथालयाच्या खिडकीतून तिने तो पाहिला, असे सांगतात. पदवी तिची, आणि ती खिडकीत!

सव्वाशे वर्षांनंतरही खिडकी पुरती मिटली नव्हती. विसाव्या शतकाच्या आरंभी फेलिक्स क्लाइन आणि डाविड हिल्बर्ट यांच्यामुळे गटिंगेन ही गणिताची पंढरी झाली होती. १९१५ मध्ये या दोघांनी एमी न्योटर यांना बोलावून घेतले. शिकवण्याच्या परवान्यासाठी त्यांचा अर्ज गेला तेव्हा आडवे आले ते मुख्यतः तत्त्वज्ञान शाखेतले भाषाशास्त्री आणि इतिहासकार. ज्या विद्येच्या शिस्तीचे गोडवे मी वर गायले, तिचेच हे प्रतिनिधी, हे सांगितले पाहिजे. न्योटर यांचे वर्ग मग हिल्बर्ट यांच्या नावाने जाहीर होऊ लागले, शिकवत न्योटरच. भौतिकशास्त्रातल्या सममिती आणि अक्षय्यता यांचे नाते सांगणारा त्यांचा सिद्धान्त १९१८ चा. स्वतःच्या नावाने शिकवण्याचा परवाना मिळाला १९१९ मध्ये.

पुढची चौदा वर्षे गटिंगेनच्या वैभवाची. १९२५ मध्ये हायझेनबर्ग, माक्स बोर्न आणि पास्कुआल योर्डान यांनी पुंजयामिकीची गणिती मांडणी इथेच केली. १९२९ मध्ये गणित संस्थेची नवी इमारत उभी राहिली. व्याख्याने घड्याळाच्या ठोक्यानंतर पंधरा मिनिटांनी सुरू होत. तिथे ती 'शैक्षणिक पाव तास' नावाची मान्य रीत आहे, आळस नव्हे. व्याख्यान आवडले तर विद्यार्थी टाळ्या न वाजवता बोटांनी बाकावर ठकठक करतात. आणि नवा डॉक्टर झालेला विद्यार्थी नगरभवनासमोरच्या कारंज्यावरील 'गेन्झेलीझेल' या हंसवाल्या मुलीच्या पुतळ्याचे चुंबन घेतो. पोलिसांनी १९२६ मध्ये त्यावर बंदी घातली, ती कोणी फारशी पाळली नाही.

१९३३ च्या बंदीचे मात्र तसे झाले नाही. ७ एप्रिलच्या कायद्याने ज्यू आणि राजकीयदृष्ट्या नकोशा सरकारी नोकरांना काढण्याची वाट मोकळी झाली. नोबेल विजेते जेम्स फ्रांक हे पहिल्या महायुद्धातले सैनिक म्हणून सवलतीस पात्र होते. ती नाकारून त्यांनी १७ एप्रिलला जाहीर राजीनामा दिला. तेव्हा गटिंगेनच्याच ४२ अध्यापकांनी पत्रक काढले, ते फ्रांक यांचा निषेध करणारे. २५ एप्रिलला बोर्न, रिखार्ड कूरांट आणि न्योटर यांना सक्तीच्या रजेवर पाठवले. १० मे रोजी गावात ग्रंथांची होळी झाली. ज्या गावाचे विद्यापीठ ग्रंथालयाभोवती उभे राहिले, त्याच गावात. न्योटर काही काळ विद्यार्थ्यांना घरी बोलावून शिकवत राहिल्या, मग अमेरिकेला गेल्या आणि १९३५ मध्ये वारल्या. बोर्न काही महिने बंगळूरला चंद्रशेखर व्यंकट रामन यांच्याकडे येऊन राहिले, पुढे एडिंबराला स्थिरावले.

१८३७ मध्ये सात सह्या घटनेच्या बाजूने पडल्या, १९३३ मध्ये बेचाळीस सह्या सहकाऱ्याच्या विरुद्ध. विद्यापीठ तेच आणि ग्रंथालयही तेच. १९५७ मध्ये जर्मनीने अण्वस्त्रे बाळगू नयेत असे जाहीर करणाऱ्या अठरा शास्त्रज्ञांनी आपल्याला 'गटिंगेनचे अठरा' म्हणवून घेतले, तेव्हा त्यांना त्या जुन्या सात जणांची आठवण करून द्यायची होती. निर्वासित झालेले आणि १९५३ मध्ये परतलेले बोर्न त्या अठरांत होते.

माझ्या प्रश्नाचे उत्तर मला काहीसे मिळाले, ते असे. अधिकारपत्राची रीत मुळात वाईट नाही. ज्याला शिकवायचे आहे त्याने आपले काम चार जाणत्यांपुढे ठेवावे आणि चुका काढून घ्याव्यात, यात गैर काय? रीमान यांच्या व्याख्यानाला ती कसोटीच कारण झाली. वाईट होते ते कामाऐवजी माणूस तपासू लागल्यावर. तो कोणत्या धर्माचा, ती बाई कशी, याची जात कोणती, त्याच्याजवळ कोणाचे पत्र आहे? पाठभेद ठरवताना बहुमत मोजायचे नाही आणि पोथी कोणाच्या घरची हेही पाहायचे नाही, साक्ष तपासायची, ही शिस्त ज्यांनी जगाला शिकवली, त्यांनाच ती माणसांच्या बाबतीत अनेकदा पाळता आली नाही. आपल्यालाही येते असे नाही. एकोणिसाव्या शतकातल्या पुण्यातही शास्त्र्यांपुढे बसून व्याकरण वाचणे सगळ्यांच्या वाट्याला येत नव्हते.

महाभाष्याचा तो खंड अजून माझ्या टेबलावर आहे. आता थोडे थोडे कळू लागले आहे. एक निवृत्त संस्कृत शिक्षक दर रविवारी सकाळी मला दोन पाने वाचून दाखवतात. पहिल्या दिवशी मी दारात उभा राहून त्यांना सांगितले होते की माझ्याकडे कसलीही पदवी नाही. "पुस्तक आणलंय ना?" त्यांनी विचारले. मी ते पुढे केले, आणि आम्ही वाचायला बसलो.